नकाशाला बोट लावू नये

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात खिडकीशेजारी एक लोखंडी कपाट आहे. त्यात पुस्तक एकही नाही, नुसते नकाशे. कपाटाच्या दारावर मी माझ्या हातानं पाटी लिहून लावली आहे: ‘नकाशाला बोट लावू नये. काडीने दाखवावे.’ पाटीखाली झाडूच्या काड्यांची जुडी दोऱ्यानं टांगून ठेवलेली आहे. पोरं हसतात. हसू द्या. ग्रंथपालाला लोक हसणार आणि पुस्तकं परत आणून देणार नाहीत, हे मी नोकरीच्या पहिल्याच वर्षी समजून घेतलं. पण डोक्याला तेल चोपडून आलेलं पोरगं त्याच हातानं नकाशावर गाव शोधायला लागलं की माझं डोकं फिरतं.

ज्योत्स्ना मगरे तासिका तत्त्वावर भूगोल शिकवायला आली, तेव्हा आमचं पहिलं भांडण या काडीवरूनच झालं.

“काका, नकाशा हात लावल्याबिगर कळत न्हाई,” ती म्हणाली. “भाकर काय काडीनं थापता का तुम्ही?”

“भाकर रोज नवी होते. हा नकाशा फाटला तर मला कोण नवा देणार?”

ती हसली आणि माझ्यादेखत कोपरं टेकून नकाशावर वाकली. मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तिनं डब्यातला निम्मा ठेचा माझ्या पोळीवर ठेवला आणि विषय मिटला. ती खापरवाडीची, तीर्थपुरीच्या पुढं कालव्याच्या अंगाला आहे ते गाव. रोज स्कूटीवर यायची. वय पस्तिशीचं, लग्न केलेलं नाही, घरात ती आणि तिचे वडील. कायम नोकरीची वाट पाहणं तिनं कधीच सोडून दिलं होतं. तरी तास मात्र असा घ्यायची की मी बाहेर रजिस्टर लिहीत बसलेलो असलो तरी कान आत ठेवून बसायचो.

नकाशावाचनाचे तास ग्रंथालयातच व्हायचे, आणि पहिला तास ती एकाच प्रश्नानं सुरू करायची. टेबलावर आमच्या भागाचा स्थलनिर्देशक नकाशा पसरायचा आणि म्हणायचं, “आपापलं गाव दाखवा.” पोरं झुंबड करायची आणि गावाच्या नावावर बोट ठेवायची. मग ती सांगायची, की हे गावाचं नाव आहे, गाव नव्हे. नाव जिथं मोकळी जागा मिळाली तिथं छापतात. गाव शेजारी आहे, हे लाल ठिपके बघा, ही तुमची घरं. पोरांना ते पटायला वेळ लागायचा. एकदा एक पोरगी नकाशावरच्या तपकिरी रेषेला रस्ता समजून तिच्यावरून निघाली आणि फिरून फिरून होती तिथंच आली. ज्योत्स्ना म्हणाली, “ती सारख्या उंचीची रेघ आहे बाई. तिच्यावरून चालत राह्यलीस तर ना चढशील ना उतरशील, नुसती फिरत राहशील. आपल्या तासिकावाल्यांसारखी.” वर्ग हसला, मीही बाहेर हसलो.

आदिनाथ तिच्या पहिल्याच तुकडीतला. शेजारच्या गावचा, तरतरीत, उत्तर येत असलं की बाकावर अर्धा उठणारा. तोंडी परीक्षेत तिनं सगळ्यांना एकच प्रश्न घातला होता. नकाशाचं प्रमाण असं आहे, की कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे पाचशे मीटर. कागदावर रस्त्याची रेघ अर्धा मिलिमीटर जाड आहे. तर रस्ता किती रुंद? बाकी सगळ्यांनी गणित करून पंचवीस मीटर सांगितलं. आदिनाथ तेवढा म्हणाला, “मॅडम, सांगता येत न्हाई. ते चिन्ह आहे. चिन्ह दिसावं म्हणून जाड काढतात, त्याची रुंदी मोजायची नसते.” तिनं त्याला पैकीच्या पैकी गुण दिले आणि आनंदानं माझ्याकडं येऊन सांगितलं, जसा काही तोच विषय शिकवणार होता पुढं.

त्याच पोरानं एकदा त्या नकाशावर खापरवाडीपासून निघणारी बारीक लाल ठिपक्यांची रेघ शोधून काढली होती. पायवाटेचं चिन्ह. ती वस्तीच्या कडेनं निघून ओढ्याशी येऊन संपत होती. “मॅडम, ही वाट अशी मधेच का संपते? पुढं ना गाव, ना देऊळ.”

“तिथं आमचं स्मशान आहे,” ज्योत्स्नानं सांगितलं होतं. “पुढं जायची कुणाला गरज पडत न्हाई.”

मी त्या वेळी तिथंच उभा होतो, म्हणून हे एवढं ठासून सांगतो आहे.

ज्योत्स्नाचे वडील साहेबराव एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाले तरी बोलणं एसटीतलंच राहिलं. घरात पाहुणे दाटले की म्हणायचे, “पुढं सरका, पुढं मोकळं आहे.” त्यांची बायको गिरिजाबाई गेली तेव्हा ओढ्याकाठी तिला अग्नी दिला, त्या जागेशेजारी त्यांनी एक लिंबाचं रोप लावलं. दर रविवारी सकाळी पाण्याची कॅन घेऊन जायचे. रोप कमरेएवढं झालं, मग डोक्यावर गेलं. मी एकदा त्यांच्यासोबत गेलो होतो. लिंबाच्या एका बाजूची जागा त्यांनी झाडून ठेवली होती. “ही आपली सीट,” ते मला म्हणाले. “रिझर्वेशन करून ठेवलंय. पोरीला सांगून ठेवलंय, मला दुसरीकडं कुटं उतरवू नको म्हनून.”

ती वाट बिरूतात्या नावाच्या मेंढ्यावाल्याच्या रानातून जायची. बौद्धवाड्यातून, म्हणजे ज्योत्स्नाच्या वस्तीतून, मयत निघाली की तात्या मेंढ्या बाजूला घेऊन, डोक्याचं मुंडासं काढून उभा राहायचा. वाट त्याच्या रानातून आहे की नाही असला प्रश्न त्यालाही पडला नाही आणि कुणाला पडला नाही. तात्या गेला, पोरांनी रान धर्मराजला विकलं. धर्मराज काही राक्षस नव्हे, सरळ घर-संसाराचा माणूस. पण रानाला कालव्याचं पाणी, आणि पाणी असलं की आमच्याकडं ऊस. उसात मधून वाट कोण ठेवील? त्यानं कडेनं तार ओढली. एका रविवारी साहेबराव पाण्यानं भरलेली कॅन तशीच घेऊन घरी परत आले.

वस्तीतली माणसं बोलायला गेली. धर्मराज म्हणाला, “मी सातबारा पाह्यला, गावनकाशा पाह्यला, मंग घेतलं. त्यात रस्ता कुटंय ते दाखवा. तात्या भला माणूस होता, त्यानं जाऊ दिलं. ती मेहरबानी झाली, रस्ता न्हाई झाला.” तलाठ्याकडचा गावनकाशा खरंच कोरा होता. वाट त्यात नव्हतीच. दुसऱ्या बाजूनं ओढा आडवा, तिसऱ्या बाजूला कालव्याची चारी. मोबाईलवर वरून पाहिलं तर नुसता हिरवा ऊस.

दुसऱ्या दिवशी ज्योत्स्ना सकाळी लवकर आली आणि आल्या आल्या तिनं कपाट उघडायला सांगितलं. नकाशा पसरला, काचेच्या भिंगातून पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले.

“आहे काका. आदिनाथनं दाखवलेली. इथंच आहे.”

नकाशा सरकारनं छापलेला, जुन्या पाहणीचा. माणसं येऊन, बघून, मोजून गेलेली. मला खरंच वाटलं, झालं काम. तहसील कचेरीत रस्त्याचा अर्ज पडला.

नकाशात आपली वाट आहे ही बातमी वस्तीत पसरली आणि बाजारच्या दिवशी लोक ग्रंथालयात यायला लागले. नंदाबाई आली, ती म्हणाली, “यात आमी कुटं हाओत ते तर दाखव.” ज्योत्स्नानं घरं दाखवली, मग वाट, मग ओढा. सोनूबाई म्हणून एक म्हातारी होती, तिचा तरणा पोरगा ओढ्याकाठी ठेवलेला. तिला भिंगातून काही दिसेना. तिनं ज्योत्स्नाच्या बोटाशेजारी आपलं बोट ठेवलं, वाटेवरून ओढ्यापर्यंत सरकवलं आणि ते कपाळाला लावलं. तिच्यामागं जो आला त्यानं तेच केलं. कुणाचा बाप तिथं होता, कुणाची सासू, कुणाचं चार महिन्यांचं लेकरू. तिथं चालत जाता येत नव्हतं, मग माणसं कागदावरून जाऊन येत होती. जाताना म्हणायची, “बरं वाटलं.”

मी माझ्या पाटीकडं पाहिलं. मग कपाटाचं दार सताड उघडून ठेवलं, म्हणजे पाटी भिंतीकडं जाते. आज कुणी मला विचारलं तर मी पुन्हा तेच करीन.

तहसीलच्या सुनावणीला मी ज्योत्स्नाबरोबर गेलो. धर्मराजच्या बाजूनं कोट घालून आदिनाथ उभा. त्यानं वकिलीची परीक्षा दिली होती आणि अंबडच्या कोर्टात बसत होता, एवढं माहीत होतं. ज्योत्स्नाला पाहून तो पुढं आला, वाकला, पाया पडला.

त्यानं आवाज चढवला नाही. अगदी वर्गात विचारावं तसं विचारलं.

“मॅडम, या नकाशावरची ही रेघ प्रमाणात काढलेली असते का?”

“नाही. चिन्ह असतं ते.”

“अर्धा मिलिमीटर रेघ म्हणजे जमिनीवर किती?”

“पंचवीस मीटर.”

“त्या पंचवीस मीटरमधे माझ्या पक्षकाराचं रान येतं, शेजारचं येतं, आणि ओढ्याची पड जमीनही येते. बराबर? मग वाट नेमकी कुणाच्या रानातून होती, हे नकाशा सांगतो का?”

“नाही.”

“त्या वाटेनं जायचा हक्क कुणाचा, हे?”

मी मनातल्या मनात ओरडत होतो, की अगं, सांग हो म्हणून! तहसीलदाराला काय भूगोल कळतो? एवढं एक वाक्य वाकडं बोल, तुझ्या बापासाठी बोल. तिनं मान वर केली आणि म्हणाली, “नाही. नकाशा हक्क सांगत नाही. तिथं काय आहे एवढंच सांगतो.”

अर्ज फेटाळला गेला. नकाशा मोजमापास योग्य नाही, एवढंच निकालात लिहिलं होतं; सवाल-जबाब कुणी उतरवून घेतले नव्हते. परतीच्या रस्त्यात मी तिच्यावर चिडलो. एक शब्द फिरवला असता तर काय आभाळ कोसळणार होतं?

“काका, मीच शिकवलंय त्याला,” ती म्हणाली. “उलटं कसं बोलू?”

“मग भोग,” मी म्हणालो. असलं बोलू नये हे मला कळत होतं. पण राग आला होता आणि तो दुसऱ्या कुणावर काढता येत नव्हता.

अंबडला प्रांतसाहेबांकडं अपील केलं. आमचे वकील बिभीषणराव, म्हातारे पण जाणते. ते म्हणाले, “जागा नेमकी दाखवत न्हाई, ठीक. हक्क सांगत न्हाई, तेही ठीक. पण पाहणी झाली तवा तिथं वाट होती, एवढं तर दाखवतो ना? निकालात वाट आहे का न्हाई याचा उल्लेखच न्हाई. आपन तेवढंच धरू. असल नकाशा घेऊन या.” बुडत्याला तेवढंही पुरतं. वस्तीला पुन्हा धीर आला. तारखा मात्र पुढं पुढं जात राहिल्या. एक ऊस तुटून गेला, खोडवा वर आला. ग्रंथालयात माणसं येतच होती. लग्न ठरलं की यायची, पोरगं पास झालं की यायची, पुण्यतिथीला तर यायचीच. कुणी वाटेवर बोट फिरवायचं, कपाळाला लावायचं. मोबाईलवर फोटो काढायचे, तोही बोट ठेवून.

साहेबरावही यायचे, रविवारी कॉलेज बंद म्हणून सोमवारी. बोट ओढ्यापाशी नेऊन ठेवायचे आणि तिथंच ठेवून बसायचे. एकदा मला म्हणाले, “लिंबाला पानी न्हाई भेटलं आवंदा. जगलं आसन का?” मी म्हणालो, लिंब चिवट असतो. ते म्हणाले, “मीबी चिवटच हाये. निकाल लागूस्तोवर थांबतो.”

अखेर तारीख लागली. ज्योत्स्नानं नकाशा गुंडाळून नळीत घातला आणि नळी मांडीवर आडवी धरून अंबडपर्यंत बसली. बिभीषणरावांनी मुद्दा चांगला मांडला. साहेबांना तो पटला असं तोंडावरून दिसत होतं. ते म्हणाले, “दाखवा, मॅडम.”

तिनं नकाशा पसरला. मी बरोबर नेलेली काडी तिच्या हातात दिली. तिनं खापरवाडीच्या घरांवर टोक ठेवलं, पुढं सरकवलं आणि थांबली. साहेबांनी भिंग घेतलं. बराच वेळ पाहिलं.

“कुठंय?”

तिथं काही नव्हतं. घरांपासून ओढ्यापर्यंत कागद पांढरट, खरबरीत झाला होता, त्याचा वरचा पापुद्रा निघून गेला होता. आजूबाजूचं सगळं छापलेलं जागच्या जागी होतं. कालवा होता, रस्ता होता, तपकिरी रेघ होती. फक्त आमची वाट बोटांनी पुसून गेली होती. आम्ही ती रोज पाहत होतो आणि आम्हाला ती दिसतही होती. कुठं आहे हे पक्कं माहीत असलं की माणूस डोळ्यांनी बघतच नाही.

बिभीषणरावांनी आधीच करून ठेवलेली झेरॉक्स पुढं केली. झेरॉक्समध्ये वाटेचे लाल ठिपके मुळातच उठले नव्हते. वस्तीतल्या लोकांनी मोबाईल पुढं केले. साहेबांनी एकेक पाहिला. प्रत्येक फोटोत वाटेवर कुणाचं तरी बोट होतं. नवीन आवृत्तीचा नकाशा आम्ही आधीच मागवून पाहिला होता, त्यात त्या जागी चारी आहे, वाट नाही. जुनी आवृत्ती मागितली तर शिल्लक नाही असं उत्तर आलं होतं.

साहेबांनी समोरच्या बाजूला विचारलं, “तुम्हाला काही सांगायचंय?”

ज्योत्स्नानं आदिनाथकडं पाहिलं. मीही पाहिलं. ती वाट पहिल्यांदा त्यानंच शोधली होती. ती कुठं जाते हेही त्यानंच विचारलं होतं. त्या खोलीत ते तिघांनाच माहीत होतं, तिला, मला आणि त्याला. आमच्या दोघांच्या सांगण्याला किंमत नव्हती, आम्ही अर्जदाराच्या बाजूचे.

“काही नाही, साहेब,” आदिनाथ खिडकीकडं बघत म्हणाला.

बाहेर आवारात तो मागून आला. “मॅडम, मी पक्षकाराच्या विरोधात कसं...”

“तू खोटं काही बोलला न्हाईस,” ती म्हणाली. “जा. तुझी पुढची तारीख असल.”

मी त्याला काय म्हणालो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

अपीलही फेटाळलं गेलं. वस्तीत कुणी कुणाला दोष दिला नाही. सोनूबाई तेवढी आपला उजवा हात पदराखाली घेऊन बसली होती आणि काही केल्या बाहेर काढत नव्हती. साहेबरावांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, “रस्ता बंद असला की गाडी वळवायची आसती. त्यात काय येवढं.” त्यानंतर ते ग्रंथालयात आले नाहीत.

भादव्यात ते गेले. ओढ्याला पाणी होतं, ऊस डोक्याच्या वर. ज्योत्स्ना एकटी धर्मराजच्या दारात जाऊन उभी राहिली. तो घरातून बाहेर आला, हात जोडले, त्याच्याही डोळ्यांत पाणी होतं. “आज तुमाला जाऊ दिलं तर उद्या तेच पुरावा म्हनून मांडतेल, ताई. वकिलानं बजावलंय. माझ्यानं न्हाई होनार.” ती परत आली.

कालव्याच्या रस्त्याकडेला पडीक पट्टा आहे, तिथं लाकडं रचली. वंदना झाली. ज्योत्स्नानंच अग्नी दिला. एसटीची एक गाडी वळणावर आली, गर्दी पाहून थांबली आणि हळू बाजूनं निघून गेली. लिंब कुठल्या अंगाला असेल ते मी शोधत होतो, पण उसाच्या पलीकडचं काही दिसत नव्हतं. झाड जगलं की वाळलं, आजही कुणाला ठाऊक नाही.

यंदा पहिल्या वर्षाला खापरवाडीची एक पोरगी आली आहे, रेणुका. बिरूतात्याची नात, नंदाबाईच्या पोरीची मैत्रीण. गेल्या आठवड्यात नकाशावाचनाचा पहिला तास होता. ज्योत्स्नानं तोच नकाशा पसरला, कारण आमच्याकडं दुसरा नाही. तिनं तोच प्रश्न विचारला, “आपापलं गाव दाखवा.” मी दारात उभा होतो.

रेणुकानं पहिल्याच झटक्यात घरं शोधली, नावावर बोट ठेवलं नाही. हुशार आहे. मग ती आणखी वाकली.

“मॅडम, इथं काय पुसलंय? हितून ओढ्यापर्यंत?”

तिनं बघायला बोट पुढं केलं. ज्योत्स्नानं तिचं मनगट वरच्या वर धरलं. नकाशा हात लावल्याबिगर कळत नाही म्हणणारी ही बाई, तिनं दोऱ्याला टांगलेल्या जुडीतून एक काडी ओढून काढली आणि पोरीच्या हातात दिली.

“बोट लावू नको,” ती म्हणाली. “तिथं काही न्हाई. पुढचं गाव दाखव.”